टोळीचा नाताळ

सत्यशीलाबाईंचं पत्र श्रावणात आलं होतं, आणि दसरा होऊन गेला तरी शांतवननानांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असं नाही. ते कुठं आहे हे नानांना पक्कं ठाऊक होतं. जाड शब्दकोशाच्या मधोमध ते घडी करून ठेवलेलं होतं. एखादा शब्द बघायला कोश उघडला की पत्रच आधी वर यायचं, मग नाना कोश मिटायचे आणि तो शब्द आपल्याला येतोच आहे अशी स्वतःची समजूत घालायचे.

पत्र साधंच होतं. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या ह्या बाई छोटे माहितीपट करायच्या. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा रविवारी चर्चमध्ये दिसते, पण सोमवारी ती कुठं असते, हे त्यांना दाखवायचं होतं. दवाखान्यातली परिचारिका, रिक्षावाला, विहिरी खोदणारे दोघे भाऊ अशा माणसांवर त्यांनी पाच-सात मिनिटांचे पट केले होते. जुन्या भजनी मंडळांवरचा नानांचा एक लहानसा लेख त्यांनी एका मासिकात वाचला होता. तेवढ्या ओळखीवर त्यांनी विचारलं होतं, की तुमच्या खडकवस्तीच्या मंडळीचा नाताळ आम्हाला चित्रित करायचा आहे, तर डिसेंबरात कोणत्या दिवशी येऊ? आणि तुम्ही स्वतः कॅमेऱ्यापुढं थोडं बोलाल का?

दुसरा प्रश्न वाचून नानांना घाम फुटला होता, पण खरी पंचाईत पहिल्याची होती. डिसेंबरात खडकवस्तीत नाताळ नसतोच. नेकनूरपासून आत असलेली ही वस्ती म्हणजे एक पत्र्याचं चर्च, त्याच्याभोवतीची ख्रिस्ती घरं, आणि रस्त्याच्या तोंडाशी बसवराजअप्पांचं किराणा दुकान. ह्या घरांतली धडधाकट माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी कर्नाटकात. परततात ती उन्हाळा लागल्यावर. फार पूर्वी एका पाळकसाहेबांनी पंचवीस डिसेंबरला चार म्हातारी माणसं आणि रिकाम्या सतरंज्या ह्यांच्यापुढं नाताळचा उपदेश केला होता. पुढच्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, की टोळी निघायच्या आधीच नाताळ करायचा, देवाला तारखेचं काही वाटत नाही. तेव्हापासून ऑक्टोबरच्या उन्हात नाताळ होऊ लागला. त्याला सगळे टोळीचा नाताळ म्हणत.

हे सगळं बाईंना नीट कळवायला हवं होतं, आणि नीट ह्या शब्दापाशीच नाना अडले. बीडच्या वाचनालयात उभी हयात पुस्तकांच्या संगतीत गेलेली. पहिल्या कागदावर त्यांनी मंडळीचा इतिहास लिहायला घेतला, तो मिशनच्या काळातून बाहेरच येईना. दुसऱ्यावर ऊसतोडीची माहिती आली, ती सरकारी अहवालासारखी झाली. तिसऱ्यावर आपण ह्या विषयावर बोलायला कसे लायक नाही ह्याची कारणं आली, आणि तीच काय ती चांगली उतरली होती. ते सगळे कागद त्यांनी चुलीत घातले. पत्राखाली बाईंचा फोन नंबर होता. पण फोनवर बोललेलं खोडता येत नाही, म्हणून नाना त्या वाटेला गेलेच नव्हते.

अशात एके सकाळी संगीता आली. संगीता ही युवराजची बायको. दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. चर्चमध्ये गाणं उचलायचं तर तिच्याच आवाजात. नाना मंडळीचे पंच असल्यामुळं ती त्यांना सांगायला आली होती, की हनुमान मुकादमाचा निरोप आलाय, कारखाना ह्या साली लवकर पेटणार, येत्या मंगळवारी गाडी लागणार. तेव्हा नाताळ ह्याच रविवारी धरायचा.

नाना म्हणाले धरू. पाळकसाहेबांना बीडला निरोप देतो म्हणाले. संगीता मात्र उठेना. तिनं पदराला पुसून फोन पुढं केला आणि हे बघा म्हणाली.

सकाळच्या पहिल्या फेरीला दवाखान्यात निघालेल्या माणसाकडून पैसे न घेणाऱ्या रिक्षावाल्याचा तो पट होता. नानांनी असलं काही आधी पाहिलं नव्हतं. उपदेश नाही, वाजंत्री नाही. रिक्षावाला काच पुसतोय, आरशात बघून केस बसवतोय, आणि मध्येच सहज सांगतोय की त्याच्या आईला कोणी वेळेवर नेलं नव्हतं. पट संपला तरी नाना फोनकडं बघतच राहिले. शेवटी पडद्यावर नाव आलं, सत्यशीलाबाईंचं.

"उसाच्या तळावर कोपीम्होरं आमी समद्या बाया बसून बघतो हे," संगीता म्हणाली. "लई भारी करत्यात. पर ह्यात कोयत्यावालं एक बी न्हाई. बघनाऱ्याला वाटंल ख्रिस्ती मानूस शहरातच ऱ्हातो."

"त्यांचं पत्र आलंय मला," नाना बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांना वाटलं आता कोश उघडून त्यातच शिरावं.

"कवा?"

"श्रावणात."

"मग तुमी काय लिवलं?"

नाना पुस्तकांच्या फळीकडं बघू लागले. संगीतानंही तिकडं बघितलं.

"कावून न्हाई लिवलं?"

"नीट जमेना."

"आख्ख्या वस्तीचे अर्ज तुमी लिवता नाना. म्हातारीची पेन्शन तुमच्या अर्जानं चालू झाली. आन् ह्यान्ला दोन वळी लिवायचं जमंना?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पडला होता. नानांना तेव्हा लख्ख कळलं, की आपण गप्प बसलो ते आपल्या एकट्याचं नव्हतं. बाई डिसेंबरात येतील, कुलपं आणि शेळ्या बघतील आणि परत जातील. ज्या नाताळासाठी यायचं तो ह्या रविवारी होऊन जाईल, आणि त्याचा वर्षभर कुणाला पत्ता लागणार नाही.

त्यांनी कोश उघडून पत्र तिच्या हातात दिलं. संगीतानं तिथंच ओट्यावर बसून नंबर लावला. नाना आत जाऊन दाराआडून ऐकत राहिले. पलीकडून कुणी पुरुषमाणूस बोलत होता. बाई गडचिरोलीला चित्रीकरणाला गेल्यात, दिवाळीनंतर येतील, असं त्यानं सांगितलं. संगीतानं टोळीच्या नाताळची सगळी हकिगत त्याला एका दमात सांगितली. नानांच्या तीन कागदांत जे मावलं नव्हतं ते तिच्या चार वाक्यांत बसलं. तो माणूस म्हणाला की तुम्हीच का काढत नाही? लोकांनी स्वतः केलेले पटही आम्ही घेतो. फोन आडवा धरा. एकानं विचारावं, थोडक्यात विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, चित्र फाटतं, मेमरी कार्डावर घालून टपालानं पाठवा. आणि सोबत मंडळीच्या पंचाचं पत्र हवं, सगळ्यांची संमती आहे असं सांगणारं.

फोन ठेवून संगीतानं आत डोकावलं. पडलेला चेहरा कुठल्या कुठं गेला होता.

"नाना, मी फोन धरते. तुमी इचारायचं."

"मी?"

"मग काय शेळीला लावू इचारायला?"

दुपारपर्यंत वस्तीत बातमी फिरली, आणि असं काही वारं शिरलं की विचारू नका. सोयाबीन काढायला गेलेल्या बाया लवकर घरी आल्या. नाताळसाठी जपून ठेवलेल्या साड्या आधीच पेटीतून निघाल्या. कुणी भिंतीला चुना लावला. कुणी टीव्हीवरची प्लास्टिकची फुलं धुऊन वाळत घातली. टोळीतला याकोब दाढी करून आला आणि आपल्याला कधी बोलावतात म्हणून दर थोड्या वेळानं विचारू लागला. बसवराजअप्पांच्या दुकानात दिवाळीचे आकाशकंदील नुकतेच आले होते. त्यांतले चांदणीच्या आकाराचे तेवढे त्यांनी नेहमीप्रमाणं चर्चसाठी वेगळे काढले. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पण टोळीच्या नाताळच्या चांदण्या गेली कित्येक वर्षं त्यांच्याच दुकानातून जायच्या. तुमच्या देवाला मुकादमाची गाडी कळते, आमचे देव पंचांग बघत बसतात, असं ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी सगळे हसायचे.

नानांच्या अंगातही ते वारं शिरलं होतं, फक्त त्यांनी ते आपल्या रीतीनं काढलं. कुणाची फजिती होऊ नये म्हणून त्यांनी ज्याला त्याला काय बोलायचं ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. इथंच घोटाळा झाला. ह्या वस्तीतल्या तीन पिढ्यांनी रविवारच्या शब्बाथशाळेत नानांच्या हातच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. नानांची चिठ्ठी म्हणजे वचन, आणि वचन म्हणजे तोंडपाठ करायचं, ही सवय हाडात भिनलेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नातवंडांकडून वाचून घेतलं. शनिवारी सकाळी घराघरातून पाठांतराचा गजर ऐकू येत होता.

पहिला मान भिवराबाईंचा. भिवराबाई म्हणजे संगीताची सासू. टोळी गेली की वस्तीतली शाळेची लेकरं तिच्यासारख्या म्हाताऱ्यांकडंच राहायची. ती नवी साडी नेसून, हात गुडघ्यांवर ठेवून, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी बसली. संगीतानं फोन आडवा धरला. नानांनी मान हलवली.

"माझ्या जीवनातील श्रद्धेचे स्वरूप नित्य आणि अखंड असून," भिवराबाई एका श्वासात सुटली, "ती दैनंदिन कार्यातून प्रकट होते, आमेन."

"आमेन," खोलीतले सगळे म्हणाले. खिडकीबाहेरून डोकावणारेही म्हणाले.

संगीतानं फोन खाली घेतला. "आत्याबाई, आमेन म्हनू नका."

"आमेन न म्हनता उठायचं कसं?"

पुन्हा झालं. ह्या वेळी भिवराबाईनं आमेन गिळलं, पण तिनं गिळलेलं बघून दारातल्या बायांनी म्हणून टाकलं. याकोबाची तीच गत. त्यानं तर शेवटी अध्याय आणि ओवी सांगावी तसं नानांचं नाव सांगितलं. मग संगीतानं ठरवलं की नुसती घरची प्रार्थना घेऊ. ती घेऊन झाल्यावर तिनं फोनवर पाहिलं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि माना खाली.

"समदी मंडळी फिलममधी झोपल्यालीच दिसतीय," चांदण्यांचा गठ्ठा घेऊन आलेले अप्पा दारातून म्हणाले.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नाना तेवढे हसले नाहीत. आपणच हे बिघडवलं, आपण हात लावू ते लाकूड होतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी घरोघर फिरून चिठ्ठ्या गोळा केल्या. परत आले तेव्हा गर्दी पांगली होती. भिवराबाई नवी साडी सोडून जुनी नेसून चुलीपुढं बसली होती. संगीता भिंतीला टेकून फोन पुसत होती.

नाना उंबऱ्यात टेकले. कागद नव्हता, म्हणून काय विचारावं ते सुचेना. शेवटी त्यांना जे खरंच कधीचं विचारायचं होतं तेच त्यांनी विचारलं.

"भिवराबाई, टोळी गेली की संध्याकाळी तुम्ही काय करता?"

"काय करनार भाऊ, भाकरी थापते." तिनं पीठ ओढलं. "एक भाकर, एक नाव. ही युवराजची. ही संगीताची. असं नाव घेतलं की देवाला सांगते, ह्याला संभाळ. मग दुसरी टाकते. याकोबाची आई मेली तवापासून त्याची बी टाकते."

"आणि खातं कोण एवढ्या?"

"लेकरं खात्यात. उरली तर शेळीला." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "येखादी करपती. करपली की मी समजते, नाव घेताना मन दुसरीकडं गेलतं. मग त्याची परत टाकायची. संगीताची लई येळा करपती. तिचं नाव घेतलं की तिचं बोलनंच आठवतं."

चुलीचा धूर वर गेला. नाना हसले, भिवराबाई हसली. संगीता हसली नाही. तिनं फोन आडवा धरून ठेवला होता. लग्न होऊन ह्या घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती, दर वर्षी ती उसाला जात होती, पण आपल्या नावाची भाकरी मागं भाजली जाते हे तिला आजच कळत होतं. भिवराबाई पुढची भाकरी थापू लागली. आमेन कुणीच म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी नानांना जेवण गोड लागेना, पुस्तक हातात धरवेना. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. आपण प्रश्न विचारला आणि समोरून जिवंत उत्तर आलं, एवढंच झालं होतं, पण सगळं आयुष्य छापील उत्तरांत गेलेल्या माणसाला ते पुरेसं होतं.

रविवारी ऊन चांगलंच तापलं. चर्चच्या पत्र्याखाली चांदण्या टांगल्या होत्या. नाताळची गाणी म्हणता म्हणता बाया पदरानं वारा घेत होत्या. पाळकसाहेबांनी गोठ्यातल्या बाळाचा उपदेश आटोपता घेतला. मग वर्षानुवर्षं चालत आलेला भाग सुरू झाला. जाणाऱ्या प्रत्येक जोडीनं आपले कोयते जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून आणले होते. ते मेजापुढं जमिनीवर ओळीनं ठेवले गेले. ते ठेवले की जोड्यांनी त्यांच्यामागं उभं राहायचं, सगळ्या मंडळीनं डोळे मिटायचे, आणि पंचांनी नावं वाचून प्रार्थना करायची.

इथं पुन्हा अडचण आली. संगीताला युवराजबरोबर पुढं उभं राहायचं होतं. नाना वाचणार होते. मग फोन कोण धरणार? मागच्या बाजूला अप्पा उभे होते. संगीतानं त्यांना पुढं आणून सरळ त्यांच्या हातात फोन दिला. तुमचा हात तराजूचा, हलायचा न्हाई, म्हणाली. चालू करून दिलाय, फक्त कोयत्याकडं आन् मानसांकडं धरून ऱ्हावा. अप्पांनी मान डोलावली आणि बटण बिघडेल ह्या धास्तीनं फोन अंड्यासारखा धरला.

नाना कागद घेऊन उभे राहिले. दर वर्षी ते खाली बघून नावं वाचत, ठरलेली दोन वाक्यं म्हणत आणि घाईनं बसत. ह्या वर्षीही त्यांनी तेच करायचं ठरवलं होतं. पण युवराज आणि संगीता असं वाचून त्यांनी सहज वर पाहिलं. समोर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पाळकसाहेबांचेही. त्यांच्याकडं एकही माणूस बघत नव्हता. अशी इतकी माणसं समोर असून कुणीच आपल्याकडं बघत नाही, हे नानांच्या आजवर कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्यांनी कधी वर पाहिलंच नव्हतं. त्यांनी कागद खिशात घातला.

"प्रभू, ही संगीता," ते म्हणाले. "हिची मुलगी सुवार्ता पहिलीत आहे. लेकरू रात्री आईला हाक मारतं. तेव्हा संगीताच्या फोनला रेंज असू दे. हा युवराज. हा रागावला की जेवत नाही, उपाशी ऊस तोडतो. ह्याला राग येऊ देऊ नकोस, आणि आलाच तर जेवल्यावर येऊ दे."

कुणीतरी हळूच हसलं. डोळे मात्र कुणी उघडले नाहीत.

"हा याकोब. ह्याची पाठ धरते, पण तो कुणाला सांगत नाही. ही वनमाला. हिला सातवा महिना आहे प्रभू. मुकादमाला डोळे दे, म्हणजे हिला मोळी उचलायला कुणी सांगणार नाही. आणि पंचवीस तारखेला ही सगळी उसात असतील. तेव्हा तू इथं येऊ नकोस. तिकडं जा."

असं करत ते शेवटच्या जोडीपर्यंत गेले. आमेन म्हणाले तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं की आपण बराच वेळ बोलत होतो.

सोमवारी दुपारी अप्पांच्या दुकानात, साखरेच्या पोत्यांवर बसून, नाना, संगीता आणि अप्पांनी ते पाहिलं. आधी चांदण्या दिसल्या, मग जोड्यांचे चेहरे. आणि मग, नानांनी नावं घ्यायला सुरुवात केली त्याच क्षणी, चित्र खाली खाली घसरलं आणि जमिनीवर स्थिर झालं.

"अप्पा, हे काय?" संगीता म्हणाली.

अप्पा कावरेबावरे झाले. "प्रार्थना सुरू झाली ना. मग मी हात जोडले. देवापुढं हात न जोडता उभा ऱ्हाऊ का? फोन हातातच होता की."

संगीता पुन्हा फोनवर वाकली. चित्रात चेहरे नव्हते. चिंध्यांत गुंडाळलेल्या कोयत्यांची ओळ होती आणि त्यामागं उभी असलेली पावलं. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, याकोबाच्या पायातली शिवलेली चप्पल. सुवार्ताचा छोटा पाय आईच्या पायावर चढून उभा होता. एक कोंबडी आत येऊन कोयत्यांवरून डौलात चालत गेली. आणि ह्या सगळ्यावर एक आवाज बोलत होता, जरा घोगरा, अडखळणारा. वनमालाचं नाव आलं तेव्हा दोन पावलं एकमेकांजवळ सरकली.

"झालं," संगीता म्हणाली. "आत्याबाईची भाकर आन् हे. दुसरं कायबी लावायचं न्हाई."

"माझा आवाज काढून टाक," नाना म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तो चांगला नाही. मी वाहवत गेलो. दुसऱ्या कुणाला बोलायला लाव. पाळकसाहेबांना."

संगीतानं समजावून पाहिलं, अप्पांनी पाहिलं. नाना ऐकेनात. अनोळखी माणसांनी आपलं प्रार्थनेतलं बोलणं ऐकावं हे त्यांना पटेना. शेवटी तिनं दोन पट केले. एकात आवाज ठेवला, एकात पावलांच्या भागाचा आवाज पुसला. अप्पांच्या दुकानातली दोन मेमरी कार्डं घेऊन त्यांवर ते घातले. लाल कार्डावर आवाज, काळ्यावर नाही. कोणतं पाठवायचं ते तुमी ठरवा, पर पाठवा, म्हणाली.

मंगळवारी सकाळी गाडी लागली. भांडी, गाद्या, कोयते, कोंबड्यांची डालगी वर चढली. मागं राहणाऱ्यांनी सलाम केला, जाणाऱ्यांनी सलाम केला. भिवराबाईनं कुणाला मिठी मारली नाही, नुसती उभी राहिली. गाडी हलली तेव्हा संगीता वरून ओरडली, "नाना, पुस्तकात ठिवू नका."

धूळ बसली. वस्ती एकदम मोठी वाटू लागली. नाना घरी न जाता दुकानात आले आणि काळं कार्ड अप्पांच्या फोनात घालायला सांगितलं. एकदा बघतो म्हणाले, म्हणजे मन मोकळं होईल.

भाकरीचा भाग झाला. मग कोयते आणि पावलं. आवाज नाही. पावलं उभी होती, कोंबडी चालत होती. दोघं बघत राहिले.

"ही कोनाची?" अप्पांनी बोट ठेवलं.

"ती वनमालाची. जोडव्यांवरून कळत नाही का? आणि ही तिच्या शेजारची याकोबाची, पाठ धरते म्हणून तो एका पायावर भार देतो. हे युवराजचं पाऊल, बघा कसं रागानं उभं आहे. आणि हा सुवार्ताचा पाय, हिला..."

नाना थांबले. अप्पा त्यांच्याकडं बघत होते.

"तुमी सांगितल्याबिगर मला तर एक बी वळखू आलं न्हाई," अप्पा म्हणाले. "आन् मी तर त्यांच्यापुढं उभा होतो."

नानांनी परत एकदा चित्राकडं पाहिलं. त्यांना आपला आवाज अजूनही आवडत नव्हता. पण आवाजावाचून ती नुसती पावलं होती, कुणाचीही. बाईंनी विचारलं होतं तुम्ही बोलाल का. ते तर बोलून गेले होते. आता फक्त ते परत घ्यायचं की नाही एवढंच हातात होतं, आणि ते परत घेतलं तर नावंही परत जात होती.

त्यांनी अप्पांकडून कोरा कागद घेतला आणि गल्ल्याशेजारी उभ्यानंच लिहिलं.

'सत्यशीलाबाईंना सलाम. उत्तराला उशीर झाला. आमचा नाताळ डिसेंबरात नसतो. ऊसतोडीला जायच्या आधी, ह्या रविवारी तो झाला. संगीताबाईंनी आणि बसवराजअप्पांनी तो चित्रित केला आहे, सोबत पाठवतो. सगळ्यांची संमती आहे. त्यातला आवाज माझा आहे, माझीही संमती आहे. शांतवन.'

लिहून झाल्यावर एक शब्द बदलावासा वाटला. त्यांनी बदलला नाही. लाल कार्ड कागदात गुंडाळून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि हात आडवा करून नेकनूरकडं जाणारी एसटी थांबवली. सीट रिकामी होती तरी ते उभेच राहिले.

पोस्टात रांग होती. खिडकीपाशी पोचल्यावर आतल्या बाईंनी पाकीट दाबून पाहिलं आणि आत काय कडक लागतंय म्हणून विचारलं.

"पट आहे," नाना म्हणाले. "आम्ही केलेला."

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. नानांनी मान खाली घातली नाही. बाईंनी पाकिटावर शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.